इंजिन आणि देवीचं करंबळ

"आता जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकालाही पटायचं नाही," लुंग क्लिन म्हणाला, "आणि कुणाला पटलंच, तर मी आजपासून म्हशीचं नाव लावीन."

एवढं बोलून तो थेट इंजिनावर जाऊन बसला.

दुसरा इलाजच नव्हता. इंजिनाला दोर बांधून झाला होता, दोरातून बांबू गेला होता, बांबूचं एक टोक भंगारवाल्या मेंगच्या खांद्यावर होतं आणि दुसरं शेजारच्या थिद बोनच्या. आता 'हेऽऽ' म्हणून जोर लावायचा तेवढा राहिला होता. अशा ऐन वेळी सत्तरी उलटलेला माणूस ओझ्यावरच चढून बसला, तर त्याच्यासकट उचलायचं की आधी त्याला उतरवायचं, हे दोघांनाही चटकन सुचेना.

"लुंग, उठा," मेंग म्हणाला. "काका म्हणून तुमचा मान आहे, पण खांदा माझा आहे."

"उठतो की. गोष्ट संपली की उठतो."

"मग बसा बोंबलत," थिद बोन म्हणाला आणि त्यानं बांबू खाली टेकवला. थिद बोन तरुणपणी दोन पावसाळे विहारात भिक्खू होता; संयम मात्र येताना तिथेच विसरून आला, असं गाव म्हणे. "यांची गोष्ट संपेस्तोवर इंजिन गंजून आपोआप हलकं होईल. मग मी एकटाच नेईन."

खांबांवरच्या त्या घराखाली, सावलीत, बाजेवर बसून त्याची बायको पा लमदुअन खलात मिरची कुटत होती. ठक, ठक, ठक. तिनं मान वर केली नाही. इंजिन भंगारात द्यायचा हुकूम तिचा होता. घर तिचं, शेत तिचं, तिच्या आईचं, तिच्या आईच्या आईचं. क्लिन या घरात लग्न होऊन आला तो घरजावई म्हणून, आणि आपल्याकडे घरजावयाचं जे होतं ते तिकडे सुफान प्रांतातही होतंच. सगळे प्रेमानं वागवतात, पण खुर्ची कुठे ठेवायची हे त्याला कुणी विचारत नाही.

मेंगच्या पिकअपमध्ये अंड्यांचे ट्रे आणि लाल, निळी प्लास्टिकची घमेली रचलेली होती. भंगार द्या, अंडी घ्या, असा त्याचा धंदा. लमदुअननं तीन ट्रे आणि एक मोठं निळं घमेलं यावर सौदा पुरा केला होता. तिची बाजू खोटी नव्हती. यंदा नव्या वर्षाच्या सणानंतर शेतावर उन्हावर चालणारा पंप आला होता. त्याची पेटी ठेवायला घराखाली जागा हवी होती, आणि ती जागा अडवून हे लोखंडी धूड कधीपासून नुसतं पडून होतं. चालू करायचं म्हटलं तर तीन माणसं लागत. ठेचा लागून तिच्या अंगठ्याचं नख दोनदा गेलं होतं. वर गेल्या आठवड्यात त्याच्या पोटातून नाग निघाला.

"नागराजाच्या इंजिनातून नाग नाही तर काय ससा निघणार?" क्लिन तेव्हा म्हणाला होता. त्यावर लमदुअन हसलीसुद्धा नव्हती, आणि तेव्हाच त्यानं ओळखलं होतं की हे प्रकरण आता पिकअपपर्यंत जाणार.

पिकअपपर्यंत गेलं की संपलं. गावात क्लिनच्या गोष्टी सगळ्यांना पाठ होत्या आणि एकही कुणाला खरी वाटत नव्हती. त्याला त्याचं दुःख नव्हतं. गोष्ट खरी वाटावी म्हणून कुणी सांगतं का? पण प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तो घराखाली बोट दाखवून म्हणू शकत होता, "ते बघा, ते अजून तिथे आहे." ते तिथे नसलं, की मग तो नुसता एक थापाड्या म्हातारा. एवढ्या सगळ्या थापांमध्ये एकच वस्तू खरी होती, आणि ती तीन ट्रे अंड्यांवर चालली होती.

तेवढ्यात बांधापलीकडून घोंऽऽ असा आवाज आला आणि फवारणीचा ड्रोन भातावर उतरला. लमदुअननं सकाळीच मोबाईलवरून बोलावला होता. कालव्यापलीकडची नोक नावाची पोरगी तो चालवायची, छत्रीखाली खुर्ची टाकून. क्लिननं इंजिनावर बसल्या बसल्या दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

"यंत्राला नमस्कार?" मेंग हसला.

"पाय न भिजवता चिखलाचं शेत पार करतो तो, मेंग. माझ्या बापानं गुडघाभर चिखलात आयुष्य काढलं. हात जोडायला मला लाज कसली? उद्या तुझी पिकअप उडाली तर तिलाही जोडीन."

"गोष्ट सांगा," थिद बोन म्हणाला. "सांगून उठा."

ठक, ठक, ठक, लमदुअनचा बत्ता चालला होता.

तर त्या वर्षी पावसानं अर्ध्यातूनच पाठ फिरवली. भात पोटरीला आलेलं. आपल्याला माहीतच आहे, भात पोटरीला आलं म्हणजे भाताची आई, मे फोसोप, गर्भार राहिली. तिला त्या दिवसांत पाणी लागतं, आणि पाणी तर कालव्याच्या तळाला, पुरुषभर खोल. लाकडी रहाट पायांनी चालवून चालवून माणसांच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, पण रहाटाच्या फळ्या पाण्यापर्यंत पोचेचनात. नुसती हवा वर आणत.

"हवा उपसून काढली आम्ही," क्लिन म्हणाला. "इतकी की बांधावर वारा सुटला. कालव्यातल्या मरळी काठावर चढून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी मागायच्या. एकीला मी माझ्या तुंब्यातलं दिलं. ती चूळ भरून गेली."

"मागच्या वेळी प्यायली होती," थिद बोन म्हणाला.

"मागच्या वेळी तुला लहान समजून साधं करून सांगितलं होतं."

मग क्लिननं ते केलं जे घरजावयानं कधी करू नये. सासूबाईंची पांढरी म्हैस घेऊन तो सुफानच्या बाजारात गेला आणि येताना म्हैस नव्हती. होडीत हे इंजिन होतं, तेव्हा तांबडं लाल, नव्या नवरीसारखं, आणि त्याच्या शेजारी एक लांबच लांब लोखंडी नळी होती. नळीच्या आत दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. एक तोंड कालव्यात बुडवायचं, दुसरं बांधावर टेकवायचं, इंजिनाचा पट्टा चढवायचा, की पाणी खालून वर चढतं. लोक त्या नळीला नागराजाची नळी म्हणत. कालव्यात मुंडी घालून शेतात पाणी ओकणारा नाग, दुसरं काय म्हणणार?

याय फुआंग, म्हणजे लमदुअनची आई, काठावर उभ्या होत्या. वयानं वाकल्या होत्या, पण त्यांच्यासमोर इतर सगळे जास्त वाकलेले दिसत.

"म्हैस कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आई, ही लोखंडाची म्हैस आहे," क्लिन म्हणाला. "चारा खात नाही, डासांनी हैराण होत नाही—"

"नांगरट संपली की मी म्हशीची क्षमा मागते. कान धरून, धान्य चारून. मारलं, ओरडले, सांभाळून घे म्हणते. याची क्षमा कशी मागू? कान कुठायत याला?"

क्लिननं इंजिनाच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली; कान कुठेच नव्हते. तेवढ्यात त्याला वाटलं की नुसतं चालू करून दाखवलं की भागेल. त्यानं हँडल लावलं, दोन वेढे मारले आणि इंजिन एकदाच भडाडलं. झाडावरचे सगळे बगळे उडाले. याय फुआंगनी पट्टा हातानंच पकडला, हात पोळला तरी सोडला नाही.

"बंद कर!" त्या म्हणाल्या. "शेतात बाई दिवसांची आहे आणि तू तिच्या कानाशी तोफ लावतोस?"

कारण मे फोसोप फार भित्री आहे. भात पोटरीला आलं की शेताच्या काठानं लोक कुजबुजत चालतात. शिट्टी वाजवत नाहीत, भांडत नाहीत, पोरांना रागवायचं तर घरी नेऊन. मोठा आवाज झाला की ती दचकते, आणि दचकली की शेत सोडून निघून जाते. मग ओंब्या येतात, पण आत दाणा नसतो, नुसतं फोल.

"पाणी नाही दिलं तरी फोलच, आई," क्लिन म्हणाला.

"पाण्याविना ती मरेल," याय फुआंग म्हणाल्या. "भीतीनं ती निघून जाईल. मेली तर पुढच्या साली परत येते. गेली तर येत नाही. मी माझ्या जन्मात तिला जाऊ दिलेलं नाही. तुझ्या डब्यापायी देणार नाही."

"अशा म्हणाल्या," क्लिन इंजिनावर हात थापटत म्हणाला. "डबा! याला! थिद, तुला सांगतो, मी रडलो. इतका रडलो की नळीचं तोंड बुडलं असतं."

"मग तेच पाणी सोडायचं होतं शेतात," मेंग म्हणाला. तोही आता पिकअपच्या फळीला टेकून बसला होता, आणि त्यानं एक अंडं हातात घेऊन उगाच फिरवायला सुरुवात केली होती.

"खारट भात कोण खाईल?"

शेवटी याय फुआंगनी एक तोड काढली. दुसऱ्या दिवशी मे फोसोपचं डोहाळजेवण होतंच. दर साली बायका करतात, पुरुषांना तिथे थारा नाही. शेतात बांबूचा उंच खांब रोवायचा, त्याला वेताची टोपली टांगायची, टोपलीत आंबटचिंबट जे मिळेल ते ठेवायचं: कच्ची चिंच, संत्रं, ऊस, पाच धारांची आंबटढाण करंबळं. भाताच्या पातींना पावडर लावायची, फणीनं हलकेच विंचरायचं, आरसा दाखवायचा. पोटुशी बाईचं मन राखायचं, दुसरं काय!

"मी तिला विचारीन," याय फुआंग म्हणाल्या. "बाई, पाणी येतंय, पण वाजत येतंय, चालेल का? तिनं हो म्हटलं तर लाव तुझा डबा."

"ती हो कशी म्हणणार, आई?"

"ते तिचं ती बघेल. पण उद्या मावळतीला विचारीन आणि परवा उजाडता बघीन. खूण नसली तर तुझी नळी घे नि माझी म्हैस परत आण."

म्हैस परत येणार नव्हती. व्यापाऱ्यानं ती त्याच दिवशी पुढे विकली होती, हे क्लिननं कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे खूण मिळाली नाही तर भातही जाणार, म्हैसही गेलेलीच, आणि जावई गावात तोंड दाखवायच्या लायकीचा राहणार नाही.

बायकांनी डोहाळजेवण केलं. याय फुआंगनी पातींना पावडर लावली, विंचरलं, आणि अगदी हळू आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही अशा, भाताशी बराच वेळ काहीतरी बोलल्या. मग सगळ्या घरी आल्या.

आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता—

इथे क्लिन थांबला.

इथे तो नेहमीच थांबे. कितीदा ही गोष्ट सांगितली असेल, त्याला गणती नव्हती: विहाराच्या जत्रेत, गिरणीच्या रांगेत, लग्नात, मर्तिकातसुद्धा. आणि प्रत्येक वेळी या जागेला आला की, लमदुअन जवळपास असली तर तिच्या हातातलं काम थांबायचं. मासा साफ करत असली तर सुरी थांबायची. केर काढत असली तर झाडू. घटकाभरच. मग पुन्हा चालू. तिनं कधी काही म्हटलं नव्हतं. त्यानं कधी विचारलं नव्हतं. पण ते थांबणं त्याच्या ध्यानात राहिलं होतं, जसं रस्त्यात एखादी फळी पाय ठेवला की दर वेळी करकरते आणि आपण दर वेळी म्हणतो, हिच्याखाली काहीतरी आहे.

बत्ता थांबला होता.

मग पुन्हा, जरा जोरात: ठक, ठक.

"उजाडता उजाडता काय?" मेंग म्हणाला.

"टोपलीतलं करंबळ खाल्लेलं होतं," क्लिन म्हणाला. "अर्धं. स्पष्ट दातांच्या खुणा. पक्ष्याची चोच नाही, उंदराचे दात नाहीत. सरळ, सुंदर, एका रांगेतले, माणसासारखे दात. आणि ते अर्धं करंबळ जसंच्या तसं परत टोपलीत ठेवलेलं, चावलेली बाजू वर करून."

थिद बोननं ही गोष्ट शंभरदा ऐकली होती, तरी त्याच्या हातावर काटा आला. त्यानं तो चोळून खाली बसवला.

"सासूबाई खांबाखाली उभ्या राहिल्या," क्लिन सांगत होता, आणि त्याचा आवाज आपोआप खाली आला. "किती वेळ, कुणास ठाऊक. त्यांनी ते करंबळ दोन्ही हातांत घेतलं. मग खाली वाकून चिखलाला डोकं टेकवलं. आणि वळून मला म्हणाल्या, 'लाव.' बस, एवढंच. 'लाव.'"

यापुढच्या गोष्टीत क्लिन कधी थाप मारत नसे. हे त्यानं स्वतःशी ठरवलेलं नव्हतं. ते त्याच्याच्यानं व्हायचंच नाही.

इंजिन भडाडलं. पट्टा फिरला. नळी थरथरली, जिवंत असल्यासारखी. थोडा वेळ काहीच झालं नाही. सगळं गाव बांधावर उभं, श्वास रोखून. मग नळीच्या वरच्या तोंडातून आधी हवा आली, मग चिखल, मग एक मासा उडून पडला, आणि त्याच्यामागून पाणी. जाड, तपकिरी, माणसाच्या मांडीएवढं पाणी, थांबता थांबेना. जन्मभर पाणी खाली जाताना बघितलेली माणसं पाणी वर येताना बघत होती. कुणी ओरडलं नाही. भेगाळलेल्या शेतात पाणी शिरलं आणि भेगांतून आवाज यायला लागला, तहानलेल्या माणसाच्या घशातून यावा तसा, शेतभर, हजार घशांतून. इंजिन एवढं वाजत होतं, तरी तो आवाज ऐकू येत होता. याय फुआंगनी पाण्यात हात बुडवला आणि ते पाणी आपल्या डोक्यावर ओतलं. मग कुणीतरी वर आकाशाकडे बघायचं ते खाली शेताकडे बघून म्हणालं, "ढग आलाय." आणि खरंच, शेतातल्या पाण्यात एक पांढरा ढग उतरला होता, भाताच्या बुडख्यांमधून हलत.

"तो ढग," क्लिन म्हणाला, "कालव्यातून नळीनं वर चढलेला. मी बघितला."

थाप नसावी म्हणून त्यानं किती प्रयत्न केला, पण आज ती आलीच.

"आणि दाणा भरला?" मेंगनं विचारलं. ही गोष्ट त्याला नवीन होती. तो पलीकडच्या जिल्ह्यातला.

"दाणा! हे नारळाएवढे— बरं, राहू दे. भरला. चांगला भरला. ती गेली नाही. आवाजाला सोकावली. पुढे पुढे तर असं झालं की इंजिन नाही वाजलं तर ओंब्या निसवायच्याच नाहीत, वाट बघत बसायच्या." त्यानं इंजिनाच्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवावा तसा. "हेच ते. सकाळी याला नळीला जुंपायचा, दुपारी काढून लोखंडी नांगराला, संध्याकाळी होडीच्या मागे लांब शेपटी लावून बाजारात. सुगीत मळणीला. जत्रेत बर्फ किसायला. विहाराच्या पटांगणात पडद्यावर सिनेमा यानंच चालवला, आणि हिला कळा लागल्या तेव्हा सुइणीकडे हेच घेऊन गेलं, पाण्याच्या दोन भिंती करत. आता शेत सपाट करायला लेझरचा किरण येतो, कापणीला घराएवढं यंत्र येतं, फवारायला आकाशातून म्हैस उतरते. आणि तो नवा पंप, ऊन पितो आणि पाणी ओकतो, आणि आवाज? काही नाही. मे फोसोपला कळतसुद्धा नाही की कुणी आलं होतं. सासूबाई असत्या तर त्यांनी त्या पंपाला दंडवत घातलं असतं. मीही घालतो. पण तिला विचारून पहिल्यांदा पाणी कुणी आणलं? यानं."

बत्ता चालूच होता, पण आता धीमा.

मेंगनं हातातलं अंडं ट्रेमध्ये परत ठेवलं. त्याचा चेहरा जरा पडला होता. "लुंग, गोष्ट चांगली आहे," तो म्हणाला. "पण सौदा पा लमदुअनशी झालाय. त्यांनी सांगितलं तर ठेवतो. काय, पा?"

लमदुअननं खलात लसणाची आणखी एक पाकळी टाकली. "गोष्ट झाली ना सांगून? मग उठव त्याला. मला पंपाची पेटी आत घ्यायचीय."

तेव्हा क्लिनला उठावं लागलं. गुडघे धरून, हळूहळू. मेंगनं बांबू खांद्यावर घेतला, थिद बोननं दुसरं टोक घेतलं. हेऽऽ. इंजिन जमिनीवरून सुटलं. इतक्या वर्षांत जिथे ते बसलं होतं तिथे चौकोनी काळा डाग उरला आणि त्यात गोगलगाईंचे शंख. दोघं पाऊल पाऊल टाकत पिकअपकडे निघाले.

क्लिन त्या काळ्या डागाकडे बघत उभा राहिला. त्याच्याजवळ आता एकच जागा उरली होती. ती करकरणारी फळी.

"एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही," तो मोठ्यानं म्हणाला. "आज इंजिन चाललंच आहे तर सांगून टाकतो. मी तिला बघितली होती."

"कुणाला?" थिद बोननं ओझ्याखालून विचारलं.

"मे फोसोपला. त्या पहाटे मला झोप लागेना. मी बांधावर जाऊन कमळांच्या पानांआड लपून बसलो. आणि ती आली."

दोघं चालायचे थांबले. इंजिन दोरात हेलकावत राहिलं.

"भातातून आली," क्लिन म्हणाला. "पाय जमिनीला नाहीत. गोरीपान, अशी की धुकं काळं दिसावं. घोट्यापर्यंत केस. अंगावर सोनं. आणि कंबर—" त्यानं दोन्ही हातांच्या बोटांचं कडं करून दाखवलं, "एवढीशी. मुठीत मावेल. माझ्या जन्मात मी अशी कंबर पाहिली नाही, ना आधी, ना नंतर."

बत्ता थांबला.

"तिनं खांबाशी येऊन हात वर केला," क्लिन लमदुअनकडे पाठ करून बोलत होता, "नाजूक हात, कामाचा एक घट्टा नाही. एक करंबळ उचललं. माझ्याकडे बघितलं. लाजली. आणि असं, ओठांच्या टोकानं, चिमणीएवढा एक घास घेतला. मग मला म्हणाली, 'क्लिन, राजा, तुझ्यासारखा देखणा जावई या गावात—'"

"खोटं!"

खल बाजेवरून खाली गडगडला. मिरची सगळीकडे उडाली. लमदुअन उभी होती, हातात बत्ता.

"साफ खोटं! मुठीत मावणारी कंबर म्हणे! सातवा महिना होता मला, खांबाशी जाईपर्यंत तीनदा बसावं लागलं! ओठांच्या टोकानं म्हणे! मी मिठाला लावून खाल्लं ते, पदरात मीठ बांधून नेलं होतं, एक आख्खं आधी संपवलं आणि मग ते दुसरं! डोहाळे लागले होते मला, आणि घरात आंबट म्हणून जे होतं ते सगळं आईनं देवीला नेऊन टांगलेलं! अर्धं खाल्ल्यावर ध्यानात आलं की आई सकाळी खूण बघायला येणार, आणि तू घरी भिंतीकडे तोंड करून रडतोयस, आणि शेत वाळतंय, म्हणून चावलेली बाजू वर करून ठेवलं! माझ्या सख्ख्या आईला फसवलं मी! देवीचं ताट उष्टं केलं! आई मरेपर्यंत दर साली त्या खांबापाशी डोकं टेकायची आणि मी दर साली शेजारी उभी, तोंड मिटून! कुणापायी? त्या लाल डब्यापायी! त्याला एकदा भडाडू द्यावं म्हणून! आणि तो तुम्ही दोघं तीन ट्रे अंड्यांवर नेताय? ए मेंग! बघतोस काय माझ्याकडे? ठेव खाली. होता तिथे ठेव. डागावर!"